क्लब कोणाचा? : फुटबॉल क्लबची सामुदायिक मालकी आणि षष्ठीचा अर्थ

१

भाषेच्या अभ्यासकाने फुटबॉलच्या क्लबांविषयी लिहावे, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु इंग्लंड, जर्मनी आणि स्पेन ह्या देशांत गेली काही दशके क्लबांच्या मालकीविषयी जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी एका विभक्तीच्या अर्थाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'हा क्लब आमचा आहे', असे दर आठवड्यास मैदानावर येणारा प्रेक्षक म्हणतो. 'हा क्लब माझा आहे', असे त्या क्लबचे भाग विकत घेतलेला धनिक म्हणतो. दोघेही षष्ठीचाच आश्रय करतात आणि दोघांचीही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात काय, आणि त्यांत विरोध उत्पन्न झाल्यास निवाडा कशाच्या आधारे करावयाचा, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

पाणिनीने इतर विभक्तींचे अर्थ सांगून झाल्यावर जे संबंध शेष उरतात ते सर्व षष्ठीच्या स्वाधीन केले. पतंजलीने महाभाष्यात ह्या विभक्तीच्या अर्थांची संख्या शंभराच्या घरात सांगितली आहे. ती अतिशयोक्ती मानली तरी तिच्यातील तथ्य नित्याच्या उदाहरणांवरून पटते. 'देवदत्ताचे शेत', 'देवदत्ताचा मुलगा' आणि 'देवदत्ताचे गाव' ह्या तीन प्रयोगांत प्रत्यय एकच. परंतु शेत देवदत्त विकू शकतो, मुलगा विकू शकत नाही, आणि गाव तर जितके त्याचे आहे तितकाच तोही गावाचा आहे. आधुनिक भाषाशास्त्र ह्यांपैकी पहिल्या संबंधास हस्तांतरणीय आणि दुसऱ्यास अहस्तांतरणीय म्हणते. फिजी बेटांच्या भाषेत हा भेद रूपातच दिसतो. 'माझे डोके' म्हणताना स्वामित्वदर्शक प्रत्यय थेट नामाला लागतो, 'माझे घर' म्हणताना मात्र स्वतंत्र स्वामित्वदर्शक शब्द नामापूर्वी ठेवावा लागतो. मराठीतही ह्या भेदाची खूण आहे. 'माझ्याजवळ दहा रुपये आहेत' असे आपण म्हणतो, परंतु 'मला दोन भाऊ आहेत' असे म्हणतो. 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असे कोणी म्हटल्यास ते भाऊ त्याच्या शेजारी उभे आहेत किंवा त्याच्याकडे राहावयास आले आहेत, असाच अर्थ होईल. नाते हे जवळ बाळगण्याच्या किंवा देऊन टाकण्याच्या वस्तूंत मोडत नाही, हे भाषेने आधीच ठरवून टाकले आहे.

क्लब हा ह्या दोहोंपैकी कोणत्या वर्गात बसतो? चाहत्यांची सामुदायिक मालकी ही ह्या प्रश्नाला व्यवहारात दिलेली एक उत्तररूप रचना आहे. तिचे मर्म समजून घेण्यासाठी प्रथम क्लब ही विक्रीयोग्य वस्तू कशी झाली ते पाहिले पाहिजे.

२

इंग्लंडातील बहुतेक जुने फुटबॉल क्लब हे प्रारंभी खऱ्या अर्थाने क्लब, म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांची मंडळे होती. कोणी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी, कोणी चर्चच्या मंडळींनी, कोणी कारखान्यातील कामगारांनी ती स्थापन केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळाडूंचे वेतन आणि मैदानाचा खर्च वाढला, आणि कर्ज झाल्यास त्याची झळ प्रत्येक सभासदाच्या घराला लागू नये म्हणून ह्या मंडळांनी मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचे रूप धारण केले. हा बदल संरक्षणार्थ होता. नफा हे क्लबचे साध्य होऊ नये ह्यासाठी फुटबॉल असोसिएशनने लाभांशावर मर्यादाही घातली होती. परंतु कंपनी म्हटली की भाग आले, भाग म्हटले की त्यांची खरेदी-विक्री आली. १९८३ साली टॉटनहॅम हॉट्स्पर ह्या क्लबने क्लबच्या वर एक स्वतंत्र धारक कंपनी उभारून तिचे भाग लंडनच्या शेअर बाजारात आणले. असोसिएशनचे निर्बंध क्लबला लागू होते, वरच्या कंपनीला नव्हते. पुढे हाच मार्ग इतरांनीही अनुसरला.

ह्या स्थित्यंतरात 'क्लब' हा शब्द जसाच्या तसा राहिला, त्याचा विषय मात्र बदलला. सभासदांचे मंडळ ह्या अर्थाचा शब्द एका कंपनीचे नाव झाला. प्रेक्षक तो शब्द जुन्या अर्थाने उच्चारीत राहिला आणि भागधारक नव्या अर्थाने. अर्थांतराची अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात विपुल आहेत. एरवी त्यांपासून कोणाचे नुकसान होत नाही. येथे मात्र, दोन्ही अर्थांचा संघर्ष ज्या दिवशी उघड्यावर आला त्या दिवशी हजारो माणसांना आपले काहीतरी गेले असे वाटले.

३

विम्बल्डन हे लंडनच्या नैर्ऋत्येस असलेले उपनगर टेनिसमुळे जगास ठाऊक आहे. तेथील फुटबॉल क्लबची स्थापना १८८९ सालची. दीर्घकाळ हौशी व कनिष्ठ स्पर्धांत खेळलेल्या ह्या क्लबला १९७७ साली फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, १९८६ साली तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला, आणि १९८८ साली त्याने वेम्बली येथील अंतिम सामन्यात बलाढ्य लिव्हरपूलचा एका गोलाने पराभव करून एफ. ए. कप जिंकला.

ह्या यशाच्या मागोमाग अडचण आली. १९८९ च्या हिल्सबरो येथील दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर ह्यांच्या अहवालाने वरच्या श्रेणींतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी आसने असणे अवश्य ठरविले. विम्बल्डनचे प्लाऊ लेन हे मैदान लहान व जुने होते. १९९१ साली क्लबने ते सोडले आणि क्रिस्टल पॅलेस ह्या क्लबच्या मैदानात तो भाडेकरू म्हणून खेळू लागला. १९९८ साली प्लाऊ लेनची जागा विकली गेली. तोवर क्लबची मालकीही बदलली होती. २००० साली तो सर्वोच्च श्रेणीतून खाली आला आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या चालकांनी जाहीर केले, की क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स ह्या शहरी नेण्यात येईल. मिल्टन कीन्स हे १९६७ साली नियोजित नवे नगर म्हणून जाहीर झालेले शहर. त्यास लीगमध्ये खेळणारा क्लब नव्हता.

फुटबॉल लीगने प्रथम ह्यास नकार दिला. पुढे प्रकरण लवादाकडे आणि त्यानंतर फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाकडे गेले. २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी स्थलांतरास अनुज्ञा दिली. चाहत्यांनी तळापासून नवा क्लब उभारण्याची कल्पना आयोगापुढे आलीच नव्हती असे नाही. ती फुटबॉलच्या व्यापक हिताची नाही, असा अभिप्राय बहुमताच्या निर्णयात नोंदविलेला आहे.

आयोगापुढील प्रश्नाचे स्वरूप आपल्या परिभाषेत मांडावयाचे तर ते असे होईल : 'विम्बल्डनचा फुटबॉल क्लब' ह्यातील षष्ठी हस्तांतरणीय आहे काय? आयोगाच्या बहुमताने ती तशी आहे असे ठरविले. लीगमधील स्थान, खेळाडूंचे करार आणि क्लबचे नाव ही सर्व कंपनीची मालमत्ता होती, आणि मालमत्ता जिकडे मालक नेईल तिकडे जाते. ह्या तर्कात कायद्याच्या दृष्टीने मोठी खोट काढता येत नाही. ज्या गावाच्या नावाने तो क्लब ओळखला जात होता, त्या गावाशी असलेले नाते हे मालमत्तेच्या कोणत्याच यादीत नव्हते, एवढेच.

४

निर्णयानंतर थोड्याच दिवसांत चाहत्यांनी 'ए. एफ. सी. विम्बल्डन' ह्या नावाने नवा क्लब स्थापन केला. त्याला मैदान नव्हते, संघ नव्हता. २९ जून २००२ रोजी विम्बल्डन कॉमन ह्या सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड चाचणी ठेवण्यात आली. कोणीही यावे असे आवाहन होते आणि सुमारे २३० जण आले. जुलैमध्ये सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्रीचा सामना झाला. त्यात नव्या संघाचा चार गोलांनी पराभव झाला, परंतु तो पाहण्यास साडेचार हजारांवर माणसे जमली होती. हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या पुष्कळ खालच्या पायरीवरील कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये खेळू लागला, आणि पहिल्याच मोसमात त्याच्या प्रेक्षकांची सरासरी, लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या मूळ क्लबच्या सरासरीहून अधिक भरली.

मूळ क्लब २००३ साली मिल्टन कीन्स येथे गेला. त्याच वर्षी तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडला, आणि २००४ साली नव्या मालकाने त्यास 'मिल्टन कीन्स डॉन्स' असे नाव दिले. 'डॉन्स' हे विम्बल्डन ह्या ग्रामनामाच्या अंत्य अवयवावरून पडलेले लाडके नाव. त्या अवयवाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ टेकडी असा आहे. ग्रामनाम गळाले आणि त्यातील टेकडी तेवढी नव्या गावी गेली. ह्या एका अक्षरावरून पुढे किती कटुता माजावी? २०१७ साली दोन्ही क्लबांचा लीगमधील सामना विम्बल्डनच्या मैदानावर झाला तेव्हा यजमानांनी पाहुण्यांच्या नावातील 'डॉन्स' हा शब्द गाळला, आणि त्याबद्दल लीगने त्यांच्यावर आरोप ठेवला. विशेषनाम हे केवळ निर्देश करते, त्यास अर्थ नसतो, असे मानणाऱ्या तार्किकांनी ह्या प्रसंगाचा विचार करण्याजोगा आहे.

नवा क्लब मात्र वर चढत राहिला. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ ह्या काळात तो लीगचे ७८ सामने ओळीने अपराजित राहिला. नऊ मोसमांत पाच वेळा बढती मिळवून २०११ साली तो फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. २०१६ साली त्याने तिसरी श्रेणी गाठली. २०२२ साली तो पुन्हा चौथ्या श्रेणीत उतरला आणि २०२५ साली वेम्बलीवर वॉलसॉलचा पराभव करून परत वर आला. ह्या दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. २००६ साली झालेल्या करारानुसार मिल्टन कीन्सच्या क्लबने जुन्या विम्बल्डनच्या सन्मानचिन्हांवरील व इतिहासावरील हक्क सोडला, आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये एफ. ए. कपच्या प्रतिकृतीसह ती चिन्हे मर्टन ह्या स्थानिक नगरपरिषदेच्या स्वाधीन करण्यात आली. विम्बल्डन हे ह्याच मर्टनमध्ये मोडते. कायद्याने जे हस्तांतरणीय ठरविले होते, ते पाच वर्षांनी वाटाघाटीने परत गावाला मिळाले. लीगमधील जागा मात्र परत मिळाली नाही. ती खेळूनच मिळवावी लागली.

५

ह्या क्लबची मालकी नेमकी कशी चालते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण 'चाहत्यांचा क्लब' म्हणजे संघात कोण खेळणार हे प्रेक्षकांनी हात वर करून ठरविणे, असा एक गैरसमज आढळतो.

चाहत्यांनी 'डॉन्स ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली. तिची नोंदणी सामान्य कंपनीप्रमाणे न करता इंग्लंडच्या सहकारी परंपरेतील औद्योगिक व भविष्यतरतूद संस्थांच्या कायद्याखाली करण्यात आली. ह्या परंपरेचा उगम १८४४ साली रॉचडेल येथील विणकरांनी व कारागिरांनी काढलेल्या दुकानात आहे. तिचे आद्य सूत्र असे की, कंपनीत मत भागाला असते, सहकारी संस्थेत मत माणसाला असते. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांस हे सूत्र नवे नाही. एक सभासद, एक मत हा नियम तेथेही त्याच परंपरेतून आला आहे. ट्रस्टचे सभासद वार्षिक वर्गणी भरतात आणि आपल्यातून एक मंडळ निवडतात. क्लब चालविणारी कंपनी ट्रस्टच्या ताब्यात असते. कंपनीचे संचालक दैनंदिन कारभार पाहतात, ते व्यवस्थापकाची नेमणूक करतात, आणि संघ व्यवस्थापक निवडतो. २००३ साली मैदानासाठी भाग विक्रीस काढले तेव्हाही मताधिकाराची वाटणी अशी करण्यात आली की ताबा ट्रस्टकडेच राहावा.

तात्पर्य, सभासद क्लब 'चालवितात' ते थेट नव्हे. त्यांच्या हाती मुख्यतः दोन अधिकार असतात. चालविणारे कोण असावेत हे ठरविण्याचा अधिकार हा पहिला. क्लबचा ताबा, मैदान, नाव ह्यांसारख्या मूलभूत गोष्टींत त्यांना विचारल्यावाचून काहीही करता येऊ नये, हा दुसरा. २००२ साली जे घडले ते ह्या दुसऱ्या अधिकाराच्या अभावी घडले, आणि म्हणून नव्या संस्थेची सारी रचना त्याच्याभोवती उभारलेली आहे.

ह्या अधिकाराला किंमत पडते. २०१९ च्या अखेरीस विम्बल्डनमध्ये, जुन्या मैदानाच्या जवळच प्लाऊ लेनवर नवे मैदान बांधणे चालू असताना, मोठी रक्कम अपुरी पडत असल्याचे दिसून आले. बाहेरच्या गुंतवणूकदारांना भाग विकून ताब्यावर पाणी सोडावे, की काम थांबण्याचा धोका पत्करावा, असा पेच होता. सभासदांत तीव्र मतभेद झाले. अखेर चाहत्यांकडूनच कर्जरोख्यांच्या रूपाने पैसा उभारण्याची योजना पुढे आली. व्याजाचा दर एका मर्यादेच्या आत रोखेधारकाने स्वतःच निवडावा, अशी तिची अट होती. पन्नास लाख पौंडांवर रक्कम जमली आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजी एकोणतीस वर्षांनी क्लब आपल्या गावात खेळला. महामारीमुळे त्या दिवशी मैदानात प्रेक्षक नव्हते.

६

इंग्लंडात सामुदायिक मालकी ही आपत्तीतून जन्मास आली. जर्मनीत ती नियमच होता. तेथील क्लब १९९८ पर्यंत नोंदलेल्या सभासद-संस्थाच असत. त्या वर्षी व्यावसायिक संघांसाठी कंपनी स्थापण्यास अनुमती देण्यात आली, परंतु कंपनीतील निम्म्याहून किमान एक मत अधिक मातृसंस्थेकडे असले पाहिजे, अशी अट घालण्यात आली. 'पन्नास अधिक एक' ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेव्हरकुसेन व वोल्फ्सबुर्ग ह्या कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेल्या क्लबांना तिच्यातून सूट मिळाली.

ह्या नियमाचे अक्षर पाळून आशय टाळता येतो, हेही जर्मनीतच दिसून आले. २००९ साली एका पेय-उत्पादक कंपनीने लाइप्झिगनजीकच्या मार्कराण्श्टेट येथील क्लबचा खेळण्याचा परवाना घेऊन नवा क्लब उभा केला. पुरस्कर्त्याचे नाव क्लबला देण्यास तेथे मनाई आहे. म्हणून त्याचे नाव 'रासेनबालश्पोर्ट', म्हणजे शब्दशः 'हिरवळीवरील चेंडूचा खेळ', असे ठेवण्यात आले. तशा शब्दाचा जर्मन भाषेत पूर्वी प्रघात नव्हता, परंतु त्याची आद्याक्षरे 'आर. बी.' अशी होतात आणि तीच रेड बुल ह्या कंपनीच्या नावाचीही आहेत. समास बनविण्याच्या जर्मन भाषेच्या सामर्थ्याचा असा उपयोग पूर्वी कोणी केल्याचे प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. सभासदत्वाचेही तसेच. संस्था सभासदांची होती, परंतु मताधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवण्यात आले.

येथे मराठीतील एक भेद उपयोगी पडतो. इंग्रजी किंवा जर्मन भाषेत उत्तमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. मराठीत ती दोन आहेत. 'आम्ही' म्हणताना श्रोता वगळला जातो, 'आपण' म्हणताना तो सामावला जातो. सभासद-संस्था ही बाह्यतः सारखीच दिसली तरी ती 'आमची' असते किंवा 'आपली' असते. जिचे दार वाजवी वर्गणी भरणाऱ्या कोणालाही उघडे आहे ती 'आपली'. जिच्या सभासदांची यादी एकाच कंपनीच्या संमतीने ठरते ती 'आमची'. पन्नास अधिक एक हे गणित दोहोंस सारखेच लागू पडते. सर्वनाम मात्र भिन्न राहते.

तरीही हा नियम निष्फळ नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जर्मन लीगच्या व्यापारी हक्कांतील वाटा बाहेरच्या गुंतवणूकदारास विकण्याचा ठराव गुप्त मतदानाने, नेमक्या आवश्यक तितक्याच मतांनी, संमत झाला. हॅनोव्हर येथील मातृसंस्थेने आपल्या प्रतिनिधीस विरुद्ध मत देण्याचा आदेश दिला होता. तो पाळला गेला की नाही ह्यावर देशभर वाद माजला. प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

७

सामुदायिक मालकीविषयी लिहिणारे पुष्कळदा तिचे गुणगानच करतात. तिच्या मर्यादा सांगितल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक होणार नाही.

पहिली मर्यादा समुदायाच्या स्वरूपाची आहे. २००८ साली इंग्लंडात एका योजनेनुसार जगभरच्या हजारो लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड भरून एब्सफ्लीट युनायटेड ह्या लहान क्लबचा ताबा घेतला. संघ निवडण्यापर्यंतचे निर्णय सभासदांनी मतदानाने घ्यावेत अशी कल्पना होती. त्याच वर्षी क्लबने एफ. ए. ट्रॉफी जिंकली. परंतु नावीन्य ओसरताच वर्गणी भरणारे झपाट्याने घटले आणि २०१३ साली ताबा खाजगी मालकाकडे गेला. त्या सभासदांपाशी मत होते; गावाशी नाते नव्हते. उलटपक्षी एक्झेटर सिटी हा क्लब २००३ साली डबघाईस आला असता स्थानिक चाहत्यांच्या ट्रस्टने तो हाती घेतला, आणि त्या क्लबची मालकी त्यांनी टिकवून धरली.

दुसरी मर्यादा अशी, की समुदायही विकू शकतो. पोर्ट्समथचा क्लब २०१३ साली तेथील चाहत्यांनी विनाशापासून वाचविला, कर्जमुक्त केला, आणि २०१७ साली जुन्या मैदानाच्या दुरुस्तीस लागणारा पैसा आपल्याकडे नाही हे ओळखून त्यांनीच मोठ्या बहुमताने तो एका अमेरिकन उद्योगपतीस विकला. ह्यात विश्वासघात झाला असे म्हणता येणार नाही. त्यांना विचारण्यात आले आणि त्यांनी उत्तर दिले.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडा कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी होणे भाग पाडले. आर्थिक स्थिती समाधानकारक असलेले बार्सिलोना, रेआल माद्रिद, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब तेवढे सभासदांचे राहिले. परंतु त्याच कायद्यानुसार अशा क्लबांच्या चालकमंडळाने अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची हमी देणे आवश्यक होते. साहजिकच मत लाखाहून अधिक सभासदांना, पण उमेदवारी धनिकांना, अशी स्थिती झाली. ही अट २०२२ च्या नव्या कायद्याने काढून टाकण्यात आली. बार्सिलोनावर २०२१ साली एक अब्ज युरोंहून अधिक देणी असल्याचे उघड झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बारा धनाढ्य क्लबांनी आपली स्वतंत्र 'सुपर लीग' जाहीर केली, तेव्हा सभासदांच्या मालकीचे बार्सिलोना आणि रेआल माद्रिद हे तिचे आग्रही पुरस्कर्ते होते. इंग्लंडातील सहा खाजगी क्लबांनी मात्र आपल्याच चाहत्यांच्या क्षोभापुढे दोन-तीन दिवसांत माघार घेतली. सभासदांची मालकी ही शहाणपणाची हमी नव्हे, आणि तिच्या अभावी चाहते सर्वथा दुर्बल असतात असेही नव्हे, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

८

मग ह्या मालकीचा अर्थ काय उरतो? नफा हा तिचा हेतू नाही. डॉन्स ट्रस्टचा सभासद लाभांशाची अपेक्षा ठेवून वर्गणी भरीत नाही. उत्तम व्यवस्थापन हा तिचा नियत परिणाम नाही. यशाची तर ती आश्वासकही नाही. लेखकाच्या मते तिचा अर्थ निषेधरूप आहे. क्लब हा कोणा एकाच्या इच्छेने विकला, हलविला किंवा पुसला जाऊ नये, एवढाच अधिकार ती निर्माण करते. कंपनी-कायद्यास हस्तांतरणीय स्वामित्वाचीच भाषा अवगत आहे. चाहत्यांनी ती भाषा मोडली नाही. त्यांनी तिच्यातीलच भाग, मत, ताबा हे शब्द घेऊन त्यांतून अहस्तांतरणीय संबंधाचे शक्य तितके जवळचे भाषांतर केले. पोर्ट्समथच्या उदाहरणावरून ते भाषांतर पूर्ण नाही हे दिसते, आणि एब्सफ्लीटच्या उदाहरणावरून मूळ नातेच नसेल तर केवळ भाषांतराने ते उत्पन्न होत नाही हेही दिसते.

अलीकडे कायदाही ह्या दिशेने एक पाऊल सरकला आहे. सुपर लीगच्या प्रकरणानंतर ब्रिटिश सरकारने चाहत्यांची बाजू विचारात घेणारी चौकशी करविली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या नियमनाचा कायदा संमत होऊन इंग्लंडातील वरच्या पाच श्रेणींसाठी स्वतंत्र नियामकाची स्थापना झाली. त्या कायद्याप्रमाणे क्लबचे बोधचिन्ह किंवा पोषाखाचे मुख्य रंग बदलावयाचे असल्यास बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा असल्याचे क्लबने सिद्ध केले पाहिजे. नाव बदलण्यास फुटबॉल असोसिएशनची, तर मैदान दुसरीकडे नेण्यास नियामकाची संमती लागते. मालकाची मालकी त्याने हिरावून घेतलेली नाही. नाव, रंग, चिन्ह व स्थान ह्या चार गोष्टी मात्र त्याने सामान्य मालमत्तेच्या यादीतून बाजूस काढून ठेवल्या आहेत.

ह्या चार गोष्टींकडे भाषेच्या अभ्यासकाने पुन्हा पाहावे. चारही गोष्टी चिन्हे आहेत. त्यांपैकी एकीनेही गोल होत नाही. क्लबचा व्यवहार मोजणाऱ्या हिशेबनिसास त्या गौण वाटतील. परंतु संघातील खेळाडू, व्यवस्थापक, संचालक आणि मालक हे सर्व बदलल्यावरही क्लब 'तोच' आहे असे ज्यांच्यामुळे म्हणता येते त्या ह्याच गोष्टी होत, आणि त्यांचा अर्थ त्या वापरणाऱ्या समाजातच वास करतो. चिन्ह समाजाचे असते. एकट्या व्यक्तीस ते मनास येईल तसे बदलता येत नाही, हे भाषेविषयीचे तत्त्व आपण वर्गात शिकवितो. विम्बल्डनच्या प्रेक्षकांनी ते स्वतःच्या खर्चाने सिद्ध केले. 'क्लब कोणाचा?' ह्या प्रश्नास त्यांनी दिलेले उत्तर मराठीत मांडावयाचे तर 'माझा' हे सर्वनाम अपुरे पडेल आणि 'आमचा' हेही थोडे अपुरेच पडेल. 'आपला' हे सर्वनाम आपल्या भाषेने ह्या कामासाठी पूर्वीपासून सिद्ध ठेवले आहे.